गेरू म्हणजे नव्याण्णव, चुना म्हणजे चारशेसत्तर

८ सप्टेंबर १९९९
आप्पांच्या रानात येऊन सहा दिवस झाले. अजून पळालो नाही. हाच माझा विक्रम. आईला पत्र टाकायचं होतं, टाकलं नाही.

आप्पा म्हणजे आईचे मावसभाऊ. नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात जन्म गेला, आता दिंडोरीच्या अलीकडं वडिलांच्या रानात द्राक्षं लावतायत. खायची नाहीत, वाइनची. गाव हसतं. आप्पांना फरक पडत नाही.

आज कोल्ड स्टोरेजमधून कलमाच्या काड्या आल्या, ओल्या गोणपाटात बांधलेल्या. फ्रान्सच्या. जात शिराझ. पण नंबर दोन, ९९ आणि ४७०.
"दोन्ही शिराझच ना? मग दोन नंबर कशाला?"
"हजार वेलींत एखादी वेगळी निघते. कुणाचा घड मोकळा, कुणाचे मणी बारीक. लोक ती हेरतात. तिच्याच काड्या लावायच्या, त्या वेलींच्या परत काड्या. वर्षानुवर्षं तपासतात, रोग बघतात, तेव्हा कुठं सरकार नंबर देतं. हजार लावल्या तरी वेल एकच."
मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "छापखान्यात एक नंबर इकडचा तिकडं झाला तर दारं बंद. सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. कुठल्या ओळीत कुठला नंबर, ती वही तू लिहायची. अक्षर बरं आहे तुझं."

बारावीला दोनदा बसलो, दोनदा गेलो. माझ्या कशाला तरी कुणी बरं म्हटल्याला किती वर्षं झाली असतील.

१० सप्टेंबर
भद्रकालीत उस्मानचाचांकडे. भांड्यांवर नावं घालायचं दुकान. लग्नाचे हंडे, कळश्या, 'चि. अमुक यास मामाकडून सप्रेम भेट'. त्यांना अॅल्युमिनियमच्या बावीस पट्ट्या सांगितल्या, आकडे ठोकून. काड्या मोजून आप्पांनी हिशेब काढलाय, ९९ च्या तेरा ओळी होतात, ४७० च्या नऊ.
"अंगूर का नाम क्या बोला? शिराज? अरे बेटा, वो तो ईरान का शहर है! शायरांचं गाव!" चाचा हातोडी खाली ठेवून बसले ते बसलेच. त्यांच्या आजोबांचे आजोबा तिकडूनच आले म्हणे. कुठून नक्की ते माहीत नाही, तिकडून. आप्पाही तेच सांगतात, कुणी साधू का शिपाई इराणहून काडी घेऊन गेला आणि फ्रान्समध्ये डोंगरावर लावली. चाचांनी चहा पाजला, भजी मागवली. पट्ट्यांना हात लावला नाही. मीही घाई केली नाही. मजा आली.

१४ सप्टेंबर
आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू. लेकीकडे नाशिकरोडला राहतील, दसऱ्याला येतील. जाताना तीनदा म्हणाले, वही. वही. वही.

कलमं आजपासून सुरू. बांधणारा पांडूदादा आणि त्याची बायको गंगूवहिनी. पेठच्या डोंगरातले, भाताची लावणी उरकून खाली येतात. पांडूदादाचा हात बघत राहावा. जमिनीत आधीच रुजलेला रानटी खुंट कापला, चीर दिली, काडीला पाचर काढली, बसवली, पट्टी गुंडाळली, पुढं. बोलतच असतो. "जोड बसला पायजे भाऊ. साल सालीला लागली का एक जीव होतो. नाय लागली तं जल्मभर परका."

पोती क्रमाने निघत नाहीत. ज्या पोत्यातल्या काडीचे डोळे फुगलेत ते आधी, नाहीतर वाया जातात. म्हणजे एक ओळ ह्याची, दोन त्याची, असं चाललंय. पट्ट्या नाहीत, ऑइलपेंट आणायचा राहिला. मी युक्ती काढली. ओळीच्या तोंडाला दगडी खांब आहे, त्याला गेरू फासला की ९९, चुना फासला की ४७०. पांडूदादाला एकदम पटलं. "हां, असं कायतरी. आकडे तुमचे, रंग आमचे."

सहाव्या ओळीला चुना लावला. ओला असतानाच काळ्या मुंग्यांची रांग खांबावर चढली. पांढऱ्याच्या कडेशी येऊन थांबली. पहिलीने पाय टाकला, मागे घेतला. मग अख्खी रांग वळली आणि दगडाच्या मागून गेली. किती वेळ बघत बसलो देव जाणे. वहिनी हसून बेजार. "भाऊला मुंग्यांचीबी वही लिवायची हाय!"

वहीत आज काही नाही. उद्या दोन दिवसांचं एकदम.

१७ सप्टें. लासलगाव
निघालो होतो चाचांकडे पट्ट्या आणायला. निमाणी स्टँडला गोट्या भेटला, शाळेतला. कांद्याची गाडी चालवतो. "चल की, दोन तासात परत." दोन तास! ट्रॅक्टरची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत. लिलाव बघितला. व्यापारी चालत चालत ढिगातला एक कांदा उचलतो, दाबतो, टाकतो, माणसाचं वर्ष ठरतं. वॅगन भरताना एक म्हातारा हमाल गाणं म्हणत होता, ते उतरवून घेतलं. चाल विसरलो.

गोट्या उद्या मनमाडला जाणार. मीही.

२० सप्टें.
परत आलो. तीन दिवस. पांडूदादा नुसतं म्हणाला, "सगळ्या ओळी झाल्या भाऊ. रंग मीच दिलाय बराबर. पोत्याची चिट्ठी आमच्या पोराने वाचून दाखवली." फिरून बघितलं. बावीस खांब, तेरा तांबडे, नऊ पांढरे. एक, दोन, एक, तीन, असे मधून मधून. मोजणी जुळली. चला.

आता फक्त वहीत उतरवायचं. अर्ध्या तासाचं काम. उद्या.

२ ऑक्टोबर
पट्ट्या आणल्या. चाचांनी सुंदर ठोकलेत आकडे, आंधळ्यालाही लागतील असे खोल. पिशवी खोलीत खुंटीला. कलमं फुटलीत, पोपटी, करंगळीएवढी. सहाव्या ओळीत सगळ्यात आधी.
वही: उद्या नक्की.

१८ ऑक्टोबर
संपलं.

उद्या दसरा. आप्पा येणार म्हणून गंगूवहिनीने काल आणि आज मिळून सगळे खांब रंगवले. बावीसच्या बावीस. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा, रस्त्याच्या कडेच्या झाडांना असतो तसा. तुळशीला करतात तसा. मी मखमलाबादला सर्कस बघायला गेलो होतो.

बांधावर उभी होती, कोपरापर्यंत तांबडी. "पावसानं रंग कसे इटले व्हते. मी म्हनलं सनाला बरं दिसंल. आप्पांचे डोळे नवे झाले, तं तेंनी काय बघायचं, असले भुंडे खांब? कसं दिसतंय भाऊ?"

छान, म्हणालो. आणखी काय म्हणणार. तिला मी कधी सांगितलंच नव्हतं रंग कशासाठी. पांडूदादाला सांगितलं होतं. त्याने तिला सांगितलं नसेल, कारण बायकांना काय सांगायचं. किंवा सांगितलं असेल आणि तिला वाटलं असेल की ते एव्हाना वहीत गेलं. कुणालाही तेच वाटणार.

एक खांब खरवडून बघितला. खाली तांबडं निघालं, पण ते कालचं का सप्टेंबरचं? मधल्या पावसाने आधीच धुतलेलं. खरवडत बसलो. नखं फक्त लाल झाली.

पांडूदादाला विचारू? विचारलं की कळणार. आठवून बघतो. सातवी गेरू. का आठवी.

१९ ऑक्टोबर, दसरा
सकाळी पट्ट्या लावल्या. एकपासून तेरापर्यंत ९९. चौदापासून बावीसपर्यंत ४७०. वहीतही तसंच लिहिलं, चांगल्या अक्षरात, समास सोडून. मोजणी जुळते. एवढंच जुळतं.

आप्पा अकराला आले. काळा चष्मा, लेकीचा हात धरून. डोळ्यांना अजून ऊन सोसत नाही, म्हणून बोटांनी वाचत गेले. प्रत्येक खांबापाशी थांबून पट्टीवरून बोट फिरवायचं, तोंडाने नऊ नऊ, नऊ नऊ. तेरा खांब. मग चार सात शून्य. शेवटच्या खांबापाशी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "क्रमाने लावलंस. कुठं खाडाखोड नाही. छापखान्यात ठेवलं असतं तुला."

पांडूदादा मागे उभा होता. नंतर हळूच म्हणाला, "भाऊ, आपन तं मधून मधून बांधलं व्हतं ना?"
"वहीत असंच आहे."
"वहीत हाय? मंग बराबर. मलाच भास झाला आसंल."

तो भास मी त्याला दिला. आपट्याची पानं वाटली सगळ्यांना. आप्पांच्या पाया पडलो.

११ फेब्रुवारी २००१
मधलं लिहिलं नाही. मधे नव्हतोच. नगर, मग पुणे, हॉटेलात, प्रेसमध्ये, कुठं टिकलो नाही. आप्पांनी बोलावलं म्हणून आलो, काढणीला.

घड काळे. वाइन कारखान्याच्या मॅडम आल्या होत्या, तरुण, बूट घालून चिखलात. मणी तोंडात टाकतात, बी चावून बघतात, थुंकतात. आप्पा त्यांना ओळींतून फिरवत होते. "ही ९९, जोरदार, घड भरगच्च. आणि ही ४७०, घड मोकळे, रस घट्ट." मॅडम चौदाव्या ओळीत म्हणाल्या, "हे तर भरगच्च दिसतायत." आप्पा म्हणाले, "पहिलं पीक आहे." मी क्रेट उचलून लांब गेलो.

जेवताना मॅडम सांगत होत्या, शिराझ इराणची नाहीच. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये वेलींची रक्ततपासणी करतात तसं काहीतरी केलं. आईबाप दोन्ही फ्रान्सचेच निघाले, कुणी विचारत नाही असल्या साध्या गावठी वेली. कुठल्याशा बांधावर आपसूक जुळलं आणि हे बी पडलं.
मी विचारलं, जमेल तेवढ्या सहज आवाजात, "मग त्या तपासणीत ९९ कुठलं, ४७० कुठलं, कळतं?"
"नाही. जात कळते. हे दोन्ही एकाच वेलीची वाढ आहेत ना, रक्त सारखंच. क्लोनची, म्हणजे ह्या नंबरांची, ओळख म्हणजे नोंद. नोंद गेली की क्लोन गेला."
आप्पा म्हणाले, "म्हणून वही."

१४ फेब्रु.
चाचांना सांगायला गेलो. का गेलो? कुणाला तरी वाईट बातमी द्यायची होती, माझी सोडून दुसरी कुठलीही.
चाचा बराच वेळ कळशी फिरवत राहिले. "म्हणजे शिराजशी काहीच रिश्ता नाही?"
"नाही म्हणतात."
"आणि नाव?"
"नाव तेच राहणार."
मग हसले, पण डोळे नाही हसले. "नाव काय, मी पण घालतो बेटा. जे सांगतील ते घालतो. भांडं खरंच कुणाचं, मला कुठं माहीत."

तिथंच सांगून टाकावं वाटलं. जिभेवर आलं होतं. मग ते विचारायला लागले तुझं लग्न कधी.

५ सप्टेंबर २००३
पांडूदादा स्वतःची बाग लावतोय! पेठ रस्त्याला, नागली म्हणजे नाचणी निघायची त्या तुकड्यात. अर्धा एकर. खुंट फेब्रुवारीतच लावले, पाणी डोक्यावरून घातलं दोघांनी. त्याच्या गावात द्राक्षाची बाग कुणाचीच नाही. लोक बघायला येतात म्हणे, मांडव कशाला घालतोय, लग्न आहे का?

आप्पा म्हणाले काड्या माझ्याकडून ने, ४७०, चांगल्यातली चांगली. "तू बांधलेली बाग आहे, पहिला हक्क तुझा." मला म्हणाले, "दिनेश, तू कापून दे. पट्टी बघून."

कापून दिल्या. चौदा ते बावीस. वहिनीने त्या ओल्या लुगड्यात गुंडाळल्या, मांडीवर घेऊन टेम्पोत बसली. जाताना म्हणते, "भाऊ, आमच्या खांबालाबी रंग द्यीन, तुमच्यासारका."

मी हात खिशात कोंबले. तिला वाटलं थंडी वाजते. सप्टेंबरात.

उद्या सुरतेला जातो. गोट्याच्या ओळखीचं काहीतरी काम आहे.

२ डिसेंबर २००५
सुरत, वापी, परत सुरत. दोन वर्षं उडाली. लिहिण्यासारखं काही नव्हतं, किंवा होतं आणि लिहिलं नाही. तेच.

आप्पांचं पत्र आलं, थोरल्या जावयाने लिहिलेलं. 'बागेत काहीतरी वेगळं दिसतं. तू लावलीस, तू येऊन बघ.'

आलो. आप्पा वाकलेत. कानाने कमी. बघितल्याबरोबर म्हणाले, "वाळलास." मग बागेत नेलं. पानं लाल पडतायत. पिकून लाल नाही, अवेळी. एका ओळीत इथं एक, तिथं दोन. खाली वाकून बघितलं तर कलमाचा जोड सुजलेला. साल फाटलेली, आत खाचा, करवतीने ओरखडे काढल्यासारख्या. एक वेल हलवली तर कुरकुरली.

साल सालीला लागली का एक जीव होतो, पांडूदादा म्हणायचा. इथं लागून सहा वर्षांनी सुटतेय.

९ जानेवारी २००६
मॅडम येऊन गेल्या. फ्रान्समध्येही शिराझला हे झालंय, बरीच वर्षं चाललंय, कारण धड कुणाला कळलेलं नाही. औषध नाही. पण सगळ्या क्लोनना सारखं होत नाही. काही नंबर लवकर जातात, काही टिकतात. आता तिकडं वाईट नंबरांच्या काड्या देत नाहीत.
"९९?" आप्पांनी विचारलं.
"वाईट. फार वाईट."
"४७०?"
"चांगला. टिकतो."
आप्पा चक्क हसले. आज त्यांना मी पहिल्यांदा असं हसताना बघितलं, दात दिसेपर्यंत. "बघा मॅडम, गाव मला हसत होतं. म्हणे, म्हातारा वेलींना नंबर घालतो. आता तेरा ओळी जातील, नऊ राहतील. नोंद होती म्हणून नऊ राहतील. काढणी होऊ द्या, पाडवा झाला की करवत."
माझ्या पाठीवर थाप. मॅडमना म्हणतात, "ह्याच्या अक्षरातली आहे वही."

मॅडम माझ्याकडं जरा जास्तच बघत होत्या. किंवा मला वाटलं.

१२ जाने.
ओळीओळीने फिरलो, प्रत्येक बुंध्यापाशी बसलो. दुखणाईत ओळी: १, २, ४, ७, ९... आणि १५, १६, १८, १९, २१. पट्टीवर ४७० आणि साल फाटलेली. पट्टीवर ९९ आणि अंगाला डागसुद्धा नाही. सहावी ओळ कशी, नुकती लावल्यासारखी.

मग काय झालं, तर मला आशा वाटायला लागली. अजून थोडा रोग पडू दे. सगळ्या ९९ लाल होऊ देत, म्हणजे मला नीट कळेल, गुपचूप पट्ट्या बदलीन. मी बागेला रोग मागत होतो. ते ध्यानात आलं तेव्हा आठव्या ओळीत होतो.

आणि सगळ्या लाल होतही नाहीत. काही ओळी ना धड आजारी ना धड बऱ्या. त्या कुठल्या?

५ फेब्रुवारी
पांडूदादाकडे गेलो. न जाऊन भागत नव्हतं.
मांडव सुंदर घातलाय. खांबांना खाली गेरू, वर चुना. नाचणीची भाकरी, उडदाचं भुजं. वहिनी म्हणाली, "लय दिस दिसला नाय भाऊ. मुंग्या मोजत व्हता का?" हसलो. घास गिळला.

मग बागेत. तिसरं वर्ष, आत्ताशी घड धरलेत. एका कोपऱ्यात चार वेलींची पानं लाल.
"ह्या रंगाचं काय करावं कळना," पांडूदादा म्हणाला. "खत दिलं. पानी तोडून बघितलं. पानी दिऊन बघितलं. भगताला नाय दाखवलं, तू हसशील म्हनून. तिकडं आप्पांच्या नव्याण्णवला झालं म्हंत्यात त्ये हे नाय ना?" आणि लगेच स्वतःच, "नाय, हे तं चारशेसत्तर. तूच कापून दिलं. हाय ना रं भाऊ, चारशेसत्तर?"

वहिनी उंबऱ्यात उभी, हातात तांब्या.

"हो," म्हणालो.

"मंग जाऊ दे. खताचंच आसंल."

येताना एस.टी.त एक माणूस कोंबडा घेऊन बसला होता. एरवी त्याच्यावर मी पान भरलं असतं.

२० मार्च
काढणी आटोपली. आप्पांनी करवतीचं काम कुणाला द्यावं? पांडूदादाला. "त्याने बांधली, त्यानेच उतरवायची. दुसऱ्याचा हात नको लागायला." तेरा ओळी. एक ते तेरा. आणि मग आणखी, 'राहिलेल्या नऊतून' काड्या द्यायच्या गावात अजून चार जणांना, सप्टेंबरात. यादी केलीय. गाव आता हसत नाही.

पळून जायचा विचार चार वेळा केला. गोट्याचा नंबर लागत नाही.

२६ मार्च
पत्र्याच्या पेटीत जुन्या वह्या सापडल्या. माझ्या, ह्याच, रोजनिशीच्या. म्हटलं सप्टेंबर ९९ मध्ये कुठंतरी लिहिलं असेल, एखादी ओळ, एखादा आकडा. खोलीचं दार लावून वाचत बसलो.

लासलगावचा हमाल. गोट्याची गाडी. चाचांची भजी. कांदा दाबून टाकणारा व्यापारी. सगळं आहे, सगळं नीट आहे, समाससुद्धा सोडलाय. मी काय काय बघितलं त्या दिवसांत! फक्त जे बघायला ठेवलं होतं ते सोडून.

आणि मग मुंग्या.

'सहाव्या ओळीला चुना लावला.'

चुना म्हणजे चारशेसत्तर.

दहा वेळा वाचलं. बावीस ओळींतली एक, तीही मुंग्यांमुळे राहिली. सहावी ओळ ४७०. पट्टीवर ९९. पाडव्यानंतर करवतीखाली जाणार, पाचवीनंतर.

म्हणजे माझ्याकडं आता आहे काय? एक ओळ खरी. तेवढ्याने बाकीच्या एकवीस कळत नाहीत, पण सगळ्या खोट्या ठरतात. पांडूदादाचा अर्धा एकरही. नुसतं सांगून भागणार नाही, आप्पा म्हणतील कागद दाखव. आणि कागद म्हणजे हा. ह्यात मी आहे, आहे तसा.

३० मार्च, पाडवा
आप्पांनी गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. श्रीखंड. जावई, लेक, नातवंडं. आप्पा मला म्हणाले, "उद्या तू पट्ट्या वाच, पांडू कापेल. मी बसून बघीन." 
"आप्पा—"
"काय?"
"मीठ कमी आहे."

३१ मार्च २००६
हे वहीत नाही. वही माझ्याकडं नाही. खताच्या पिशवीच्या आतला खाकी कागद फाडून लिहितोय, पेन्सिलीने, पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून. सकाळचे आठ.

पांडूदादा सहालाच आला, पेठच्या पहिल्या गाडीने. वहिनीही आलीय. करवतीला कानस लावत पहिल्या खांबापाशी बसलाय.

आप्पा ओसरीवर खुर्चीत. मांडीवर बागेची वही. तिच्यावर मी माझ्या तीन ठेवल्या, वरची १४ सप्टेंबरच्या पानावर उघडून. बोललो एवढंच, "आधी हे वाचा. मग १८ ऑक्टोबर. मग पाच फेब्रुवारी, हे यंदाचं." खुणेला पट्ट्या बांधायच्या उरलेल्या तारा घातल्या. आप्पा म्हणाले, "हे काय, तुझं खासगी?" मी म्हणालो, "बागेचं आहे." आणि इथं येऊन बसलो. ओसरीवर थांबलो नाही, फाटकाकडंही गेलो नाही.

इथून दिसतायत. चष्मा पुसला. वाचतायत. बोट लावून, ओळीखाली, पट्ट्या वाचल्या होत्या तसं. किती हळू वाचतात. पहिलं पान अजून उलटलं नाही. मुंग्यांवर असतील. बोट थांबलंय.

आता मान वर केली. माझ्याकडं नाही. बागेकडं. सहाव्या ओळीकडं का, इथून कळत नाही.

पांडूदादा उठला. करवत खांद्यावर. ओसरीकडं तोंड करून हाक मारतोय, मोठ्याने, आप्पांना ऐकू कमी येतं म्हणून.

"आप्पा, कुठून धरू?"

आप्पांनी हात वर केलाय. थांब म्हणतात का सुरू कर—